दोन अज्ञातांना एकच ‘क्ष’

दोन निरनिराळ्या अज्ञात राशींना ‘क्ष’ हे एकच अक्षर दिले, तर गणित कोलमडते, हे आपण मुलांना बजावून सांगतो. संगणकाच्या भाषा रचणाऱ्यांनाही याच अडचणीला तोंड द्यावे लागले.

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी ‘सी’ भाषेसाठी एक विशेषण सुचवले. ज्या माहितीला ते लावू, ती वाचता येते, पण बदलता येत नाही. मूळचे ‘रीडओन्ली’ हे नाव पुढे ‘कॉन्स्ट’ झाले आणि १९८९ च्या प्रमाण ‘सी’मध्ये आले.

त्यात एक फट राहिली. मजकुरात एखादे अक्षर शोधणारे फंक्शन घ्या. ते मजकूर बदलत नाही, म्हणून आत घेताना ‘कॉन्स्ट’ म्हणते. परंतु सापडलेली जागा परत देताना ते विशेषण गळून पडते. म्हणजे न बदलण्याचा मजकूर द्यावा आणि त्यातलीच बदलता येणारी जागा हाती यावी! ‘सी++’ने त्यावर एकाच नावाची दोन फंक्शने दिली.

वॉल्टर ब्राइट यांच्या ‘डी’ (२००१) या भाषेने कालांतराने ‘इनआउट’ हा शब्द आणला. विशेषण जसे आत आले, तसेच ते बाहेर जाते. हा शब्द म्हणजे ‘क्ष’च, पण सर्वांना मिळून एकच.

अडचण आली ती फंक्शनच्या पोटात फंक्शन लिहिताना. ही सोय ‘अल्गोल ६०’मध्ये होती, आतल्या फंक्शनला बाहेरच्याची चले दिसत. प्रमाण ‘सी’ने ती घेतली नाही, ‘डी’ने घेतली. आता दोन्ही फंक्शनांनी ‘इनआउट’ म्हटले, तर? बाहेरच्याकडे न बदलणारा मजकूर आहे आणि आतल्याला बदलता येणारा तात्पुरता मजकूर दिला आहे, असे समजा. किमती दोन, नाव एक! दोन्ही एकच मानले, तर बिनचूक प्रोग्रॅमही नाकारावा लागतो. वेगळे मानले, तर आतून बाहेरचीच माहिती परत देताना तिचे विशेषण कोणते, हे सांगायला शब्द उरत नाही.

रॉबिन मिल्नर यांनी १९७८ च्या निबंधात मांडलेल्या पद्धतीत माहितीच्या प्रकारांसाठीही स्वतंत्र नावांची चले होती. तेथे हा घोटाळा उद्भवत नाही. ‘सी’मधील शोध-फंक्शनाची फट मात्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणाने बुजवली, मध्ये पस्तीस वर्षे गेली.

विद्यार्थ्यांना दुहेरी बेरीज लिहायला सांगा, आणि दोन्ही चिन्हांखाली एकच निर्देशांक वापरायला लावा. कोणता कोणाचा, हा प्रश्न तेच विचारतील.