क्वाड्रास्टिकसचे घराणे

रत्नागिरीकडे पांगाऱ्याचा फाटा गडग्यालगत रोवला की तो जीव धरतो आणि त्यावर मिरवेल चढवता येते. ऑस्ट्रेलियातून आलेल्या निलगिरीशी त्याचे काहीच नाते नाही. पण दोन्ही झाडांच्या वैरिणींची वंशावळ एकाच घराण्यात मिळते: युलोफिडी कुळातले टेट्रास्टिकिनी उपकुळ.

निलगिरीची वैरीण, लेप्टोसायबे इन्व्हेसा, 2000 साली पश्चिम आशियात ध्यानात आली आणि काही वर्षांतच कर्नाटक-तामिळनाडूत पोचली. जेमतेम सव्वा मिलिमीटरची ही गांधीलमाशी कोवळ्या पानाच्या शिरेत आणि देठात अंडी घालते. तिथे गाठी धरतात, पान मुरडते, रोपवाटिकेतले रोप खुरटते.

2004 मध्ये फिशर आणि जॉन ला साल यांनी तिचे बारसे केले. त्याच वर्षी किम, देलवार आणि ला साल यांनी पांगाऱ्यावर गाठी करणारीला नाव दिले, क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी. हिने केरळात मिरवेलींचा आधारच खिळखिळा केला. आणि 2008 मध्ये किम-ला साल यांनी निलगिरीच्या वैरिणीला मारणारी क्वीन्सलँडची माशी नोंदवली. इस्रायली शास्त्रज्ञ झ्वी मेंडेल यांच्यावरून तिचे नाव पडले क्वाड्रास्टिकस मेंडेली. इस्रायलहून ती बेंगळुरूलाही आणली गेली.

म्हणजे एकाच प्रजातीतली एक बहीण पांगारा पोखरते, दुसरी निलगिरी वाचवते!

मग मूळ सवय कोणती? प्रजातीतल्या बहुतेक जाती दुसऱ्यांच्या गाठींतल्या अळ्यांवर जगतात, म्हणून आधी शिकार आणि मागून गाठ, असाच क्रम असावा. दुसरा पक्ष म्हणेल, लेप्टोसायबेही याच उपकुळात गाठी करते, तेव्हा ही कला अनेकदा स्वतंत्रपणे उपजली असेल. मुद्दा वजनदार आहे, पण ती कला उपजली कशी, हे त्यातून उलगडत नाही. दुसऱ्याच्या गाठीतली अळी पोसलेल्या पेशींच्या गराड्यातच वाढते. भक्ष्य संपले की खायला उरतात त्या पेशीच. तिथून झाडाची चव लागायला कितीसा वेळ?

पांगाऱ्याच्या वैरिणीचे माहेर आफ्रिकाच असणार, कारण तिचा शत्रू युरिटोमा एरिथ्रिनी टांझानियात सापडला. 2008 मध्ये तो हवाईत, तिथल्या विलीविली या पांगाऱ्याच्या भावंडासाठी, सोडला गेला. कुळाने हा परका, पण याचीही अळी गाठीतल्या एका अळीवर थांबत नाही. भिंत कुरतडून शेजारच्या कप्प्यात शिरते.