वाकडं बसलेलं चाक

परवा रात्री कॅलगरीहून भाच्याचा फोन आला होता. (नातेवाईक मंडळींना कळेलच कोणता ते!) हिवाळा लागला की त्याला तिकडच्या डोंगरांचे वेध लागतात. बर्फावर चालणारी ती मोटर असते ना, पुढे दोन घसरपट्ट्या आणि मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा, तसली एक जुनी गाडी त्याला विकत घ्यायची आहे. दोन पाहून ठेवल्या आहेत, दोन्ही वीस-बावीस वर्षांच्या. कोणती घ्यावी यावरून त्याचा आणि त्याच्या मित्राचा वाद चालला आहे.

मी आपलं सरळ सांगितलं, "अरे, जिचं इंजिन दणकट ती घे."

तर हसला. म्हणाला, "मावशी, सरळ चढायला ताकद लागते गं. पण डोंगराच्या अंगावरून आडवं जायचं असलं की नुसत्या ताकदीचा काही उपयोग नाही. रुंद फाकलेल्या पट्ट्यांची गाडी उतारावर सपाट बसते आणि घसरत खाली येते. अरुंद असली तर तिला डोंगराकडे कलती करता येते. आपण वरच्या बाजूला उभं राहायचं, तिची वरची कड बर्फात रुतवायची आणि तशीच न्यायची."

फोन ठेवला आणि मला बर्फाऐवजी माथेरानची लाल माती दिसायला लागली. आणि एक मुलगा आठवला.

गोष्ट १९७९ सालची. सातवीची सहल घेऊन आम्ही तीन शिक्षक माथेरानला निघालो होतो. घाटकोपरहून नेरळपर्यंत लोकल आणि पुढे ती छोटी गाडी. त्या दिवशी आमच्या नशिबाने गाडीला वाफेचे एंजिन होते. वाटेत पाणी भरायला गाडी एका वळणावर थांबली, तशी मुले खाली उतरली. त्यांतला एक किडकिडीत मुलगा, असल्फाच्या टेकडीवर राहणारा, एंजिनाच्या पुढे जाऊन खाली वाकून बघत बसला आणि ओरडला, "बाई, बाई, पुढचं चाक वाकडं बसलंय! निघालंय ते!"

बाकीची मुले घाबरली. मी त्याचे बखोट धरून त्याला डब्यात बसवले आणि म्हटले, "प्रवासात असलं अभद्र बोलू नये. साहेबाने केलेलं एंजिन आहे, तुझी सायकल नाही."

मुलगा गप्प झाला. माथेरानला पोचेपर्यंत बोलला नाही.

असो. आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी मे १८५० मध्ये माथेरान 'शोधले' असे आपण पुस्तकात वाचतो. (मीही तसेच शिकवले. तिथे आधीपासून धनगर, ठाकर, कातकरी वावरत होते. त्यांना ते हरवलेले कधी वाटलेच नसावे!) मग बंगले उठले, साहेबलोक उन्हाळ्यात वर जाऊ लागले. जायचे कसे? घोड्यावरून, पालखीतून, पुढे माणसांनी ओढायच्या रिक्षातून.

भाच्याच्या कसोटीला लावले तर यांत घोडा सगळ्यांत सरस. चार पाय चार वेगवेगळ्या उंचींवर टेकवता येतात, वरच्या बाजूचे पाय तो आपोआप जास्त दुमडतो, त्यामुळे वाट कलती असली तरी पाठ बऱ्यापैकी सपाट राहते. त्याचा दोष एकच, त्याच्या टापांनी माथेरानची मऊ तांबडी वाट उकरली जाते. रिक्षाचे उलटे. दोन चाके एका आखावर; वाट एका अंगाला कलली की सगळा भार खालच्या चाकावर. ती उलटत नाही ती केवळ ओढणाऱ्यांमुळे. एक जण पुढे, दोघे मागे, आणि कलत्या जागी एक जण खालच्या अंगाला जाऊन खांदा लावतो. म्हणजे कलायचे काम गाडीऐवजी माणसाने करायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्याऐवजी ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. पाऊणशे वर्षांहून जुन्या आपल्या स्वातंत्र्याला हे इतक्या उशिरा सुचावे याचे मला वाईट वाटले, पण सुचले हे चांगलेच.

आता रेल्वे. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, सोळा लाख रुपये, आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती उभी केली. बार्शी लाइट रेल्वेवाले एव्हरार्ड कॅलथ्रॉप सल्लागार होते. १९०४ ला काम सुरू झाले आणि १९०७ ला गाडी धावली.

मी वर्गात सांगत असे, "ही गाडी डोंगर चढते." चूक! ती चढत नाहीच, ती आडवी जाते. नेरळ ते माथेरान सरळ रेषेत सहा-सात किलोमीटर. रुळांनी गेलात तर जवळजवळ एकवीस. उंची मिळवायची साधारण साडेसातशे मीटर. सगळ्यांत तीव्र चढ वीसाला एक, म्हणजे वीस मीटर गेल्यावर एक मीटर वर. तेवढ्या चढालासुद्धा दर एक टन वजनामागे पन्नास किलोचा जादा ओढा लागतो. त्याहून उभे जायचे म्हटले तर गुळगुळीत रुळावर लोखंडी चाक जागच्या जागी फिरत राहील. मग उपाय एकच, डोंगराच्या कुशीला बिलगून आडवे आडवे जात थोडे थोडे वर सरकायचे. डोंगराला जिथे घळ असेल तिथे आत वळायचे, सोंड आली की बाहेर वळायचे. म्हणून तर इतकी वळणे.

आणि खरी गंमत वळणातच आहे. रेल्वेची दोन्ही चाके आखाला घट्ट जोडलेली असतात, दोघांचे फेरे सारखेच व्हायला हवेत. पण वळणावर बाहेरचा रूळ लांब असतो. किती लांब? आमच्या गणिताच्या सरांनी मागे मला कागदावर करून दाखवले होते. काटकोनात वळायचे असेल तर फरक रुळांमधल्या अंतराच्या सुमारे दीडपट पडतो, मग वळण मोठे असो की छोटे. माथेरानच्या दोन फुटी रुळांत तो एक मीटरच्या आत-बाहेर. आपल्या लोकलच्या रुंद रुळांवर अडीच मीटरहून जास्त. तेवढे अंतर चाकाला घासत, फरफटत काढावे लागते. तेव्हा डोंगराच्या अंगावरून जायला अरुंद गाडी बरी, हा भाच्याचा बर्फावरचा नियम इथे निराळ्या कारणाने का होईना पण लागू पडतो.

एवढ्याने भागत नाही. एंजिनाला चढासाठी तीन जोड्या चाके हवीत, कारण वजन वाटले गेले पाहिजे आणि पकड हवी. पण तीन आख एका ताठ चौकटीत बसवले की ते लांबट एंजिन तंग वळणावर अडकते. सरळ पट्टी वाटीच्या कडेला लावून बघा, टोके बाहेर जातात. १९०५ ते १९०७ च्या दरम्यान जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीने माथेरानसाठी चार एंजिने बांधली, त्यांत यावर तोड काढली होती. तिचे नाव क्लीन-लिंडनर आस.

मला समजले तसे सांगते. पुढचा आणि मागचा आख पोकळ नळीसारखा. चाके त्या नळीला बसवलेली. नळीच्या आतून दुसरा भरीव आख जातो, तो चौकटीत सरळ आणि ताठ असतो, त्याला बाहेरून दांडे जोडलेले. दोघे एकमेकांना जोडलेले फक्त मध्यभागी, गोळ्याच्या सांध्याने, आपल्या खांद्याचा सांधा असतो तसा. त्यामुळे आतला आख फिरवण्याची ताकद देतो आणि बाहेरची नळी चाकांसकट थोडी तिरपी होते, थोडी बाजूला सरकते. मधला आख तेवढा ताठ. म्हणजे वळणावर एंजिनाचे धड सरळ राहते आणि पुढचे चाक रुळाचे ऐकून वाकडे होते.

वाकडे होते! हे मी चार दिवसांपूर्वी वाचले, तेव्हा चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले.

दार्जिलिंगच्या गाडीशी तुलना करून पाहा. तीही दोन फुटी रुळांची आणि माथेरानहून जुनी, १८८१ ची. तिची प्रसिद्ध 'बी' वर्गातली एंजिने १८८९ पासूनची, चारच चाकांची. आख दोनच, तेही जवळ जवळ, त्यामुळे वाकण्याची भानगडच नाही. साधे यंत्र, दुरुस्तीला सोपे, आणि म्हणून त्यांतली काही आजही चालतात. पण चारच चाके असल्याने पकड कमी, मग पुढे माणसे बसवून रुळांवर वाळू टाकायची. तिथे उंची गाठायला फेरे आहेत आणि पुढे-मागे करत चढायच्या झेड आकाराच्या जागा आहेत. आपल्या खंडाळ्याच्या घाटातही १८६३ पासून १९२९ पर्यंत गाडी उलटी फिरवायचे स्टेशन होते. माथेरानला तसे करावे लागत नाही, भेकऱ्याच्या खोऱ्यात घोड्याच्या नालेसारखा बांध घालून ते टाळले आहे. टिकाऊपणाला मी दार्जिलिंगला गुण देईन. पण निव्वळ आडवे जाण्याच्या कसबात माथेरानचे एंजिन वरचढ होते असे माझे मत झाले आहे. (दार्जिलिंगकर रागावोत!)

डिझेल एंजिने १९५६ च्या सुमारास आली, जर्मनीच्याच युंग कंपनीची. त्यांनी प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. एंजिनाखाली दोन स्वतंत्र बोग्या, प्रत्येक आपापली वळते. काम चोख, पण त्यात त्या गोळ्याच्या सांध्याची नजाकत नाही. १९८० नंतर दोन-तीन वर्षांत वाफेची एंजिने निवृत्त झाली. त्यांतले ७४० नंबरचे इंग्लंडात लेटन बझर्ड इथे आहे.

उतारावर मात्र बराच काळ भरवसा माणसांचाच होता. डब्याडब्यावर ब्रेकवाले, एंजिनाच्या शिट्टीच्या खुणेवर हाताने ब्रेक आवळायचे. मे २०१६ मध्ये गाडी दोनदा घसरली, सेवा थांबली, आणि ती २०१७-१८ मध्ये पुन्हा सुरू होताना डब्यांना हवेचे ब्रेक आले.

पण एवढी सगळी तुलना करून मला एक गोष्ट सतावत राहिली. यंत्र कितीही छान वाकले तरी त्याच्या खालची वाट डोंगर कापूनच केलेली असते. वरच्या अंगाला कापायचे, खालच्या अंगाला भर घालायची. पाऊस आला की वरचे खाली येते आणि खालचे निघून जाते. २६ जुलै २००५ ला हा मार्ग असाच वाहून गेला, गाडी २००७ ला परत सुरू झाली. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच, आणि नेरळहून थेट गाडी सुरू व्हायला २२ ऑक्टोबर २०२२ उजाडला.

घाटकोपरला राहणाऱ्यांना हे लांबून बघावे लागत नाही. आमच्या पश्चिमेच्या टेकड्यांवर घरे अशीच उतार कापून बसली आहेत. १२ जुलै २००० ला आझाद नगरमध्ये दरड कोसळली आणि साठाहून जास्त माणसे गेली. मी तेव्हा नोकरीत होते. दुसऱ्या दिवशी वर्गातली हजेरी घेताना प्रत्येक नावानंतर 'हजर' ऐकू येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता.

तो १९७९ चा मुलगा अशाच एका उतारावरून रोज शाळेत यायचा. एकदा त्याने वर्गात करून दाखवले होते, पाण्याची कळशी घेऊन आडव्या पायवाटेने घरी कसे जायचे ते. वरचा पाय गुडघ्यात मोडायचा, खालचा ताठ ठेवायचा, कळशी डोंगराच्या बाजूला घ्यायची, नाहीतर ती आपल्याला ओढून नेते. मुले हसली होती, मीही हसले होते. मी तेव्हा मॅलेटसाहेबांचे साल फळ्यावर लिहीत असेन.

आता तो साठीकडे झुकला असेल. नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडेल न आवडेल. पण त्या वर्षीच्या सातवीतले कुणी हे वाचत असेल आणि त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर एवढा निरोप द्या, की बाईंनी पाहून खात्री करून घेतली आहे, चाक वाकडंच होतं.