मांजराचे घर बदलण्याच्या रीती

पाळीव मांजराचा जीव माणसांइतकाच, पुष्कळदा त्यांच्याहून अधिक, जागेत गुंतलेला असतो. दाराच्या चौकटीला गाल घासत, कोपरे ओरबाडत ते सगळीकडे आपला गंध ठेवते आणि त्या गंधाच्या आधारावर निर्धास्त वावरते. घर बदलले की हा आधार एकदम तुटतो. मांजर पलंगाखाली दडते, खाणे टाकते, नाहीतर संधी साधून जुन्या घराची वाट धरते. यावर माणसांनी शोधलेले उपाय शतकानुशतके मांजराला धरून ठेवण्याचे होते. त्याची भीती कमी करण्याचा विचार फार उशिरा आला.

माणसाने मांजर सोबत नेण्याची प्रथा मात्र प्राचीन आहे. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या मानवी दफनाशेजारी मांजर पुरलेले आढळले. बेटावर मुळात मांजरे नव्हती, म्हणजे त्याला किंवा त्याच्या पूर्वजांना होडीतूनच आणलेले असणार.

पुढे जहाजांवर उंदरांसाठी मांजरे ठेवू लागले. त्यांपैकी ट्रिमची हकीकत बोलकी आहे. १७९९ मध्ये ‘रिलायन्स’ या ब्रिटिश जहाजावर तो जन्मला. दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सबरोबर त्याने ‘इन्व्हेस्टिगेटर’वरून ऑस्ट्रेलियाला वळसा घातला आणि १८०३ मधल्या जहाजफुटीतूनही तो वाचला. फ्लिंडर्स मॉरिशसमध्ये फ्रेंचांच्या कैदेत पडल्यावर ट्रिमला एका फ्रेंच कुटुंबाकडे दिले. तिथून तो लवकरच नाहीसा झाला. जहाजे बदलली तरी दोरखंड, तळघर, डांबराचा वास आणि ओळखीची माणसे तीच राहत होती. जमिनीवरच्या घरात यांतले काहीच नव्हते. त्याचे पुढे काय झाले ते कधीच कळले नाही. फ्लिंडर्सने १८०९ मध्ये त्याच्यावर मायेने लेख लिहिला.

इंग्लंडमध्ये नव्या घरी आणलेल्या मांजराच्या पंजांना लोणी फासत. ते चाटण्यात मांजर गुंतते आणि तोवर जागेची ओळख होते, असा समज होता. महाराष्ट्रात नकोशी मांजरे गोणपाटात घालून ओढ्यापलीकडे सोडत, आणि त्यांतली काही परत येत. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते असेही आपल्याकडे मानतात. आडोसा असुरक्षित वाटला की ती पिल्ले हलवते, हे खरे. पण तेव्हा जागा ती स्वतः निवडते. माणूस घर बदलतो तेव्हा तिला निवड नसते, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

परत येण्याच्या या शक्तीची पद्धतशीर पाहणी फ्रान्सिस हेरिक या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये प्रसिद्ध केली. पिल्लांपासून दूर नेलेली मांजरी काही मैलांवरून पुन्हा पिल्लांकडे पोहोचली होती. १९५४ मध्ये जर्मनीत बंद पेट्यांतून नेलेली मांजरे चक्रव्यूहात सोडली, तेव्हा ज्यांचे घर जवळ होते त्यांनी घराच्या दिशेचा मार्ग अधिक वेळा निवडला.

खरा बदल एका साध्या वस्तूने घडवला. तोवर मांजराच्या मलमूत्रासाठी राख, वाळू किंवा भुसा वापरत. घरभर घाण होई आणि मांजराला बाहेर सोडावेच लागे. १९४७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लो याने मुलतानी मातीसारखी शोषक माती यासाठी विकायला काढली. मांजर आठवडेच्या आठवडे घरात राहू शकले आणि नव्या जागेत हळूहळू रुळवणे शक्य झाले.

१९९० च्या दशकात पॅट्रिक पाजा या फ्रेंच पशुवैद्याने मांजराच्या गालांतून स्रवणाऱ्या गंधद्रव्यावर संशोधन केले आणि त्याची कृत्रिम प्रत बाजारात आली. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधनात प्राणिनिवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना दडायला खोके दिले; ती इतरांपेक्षा लवकर स्थिरावली. इतक्या थोड्या मांजरांवरचा हा निष्कर्ष असला तरी तो मोलाचा आहे, कारण दडणे ही खोड नसून मांजराची गरज आहे हे त्यातून दिसते.

आता पशुवैद्य मांजराला सुरुवातीला एकाच खोलीत ठेवायला सांगतात. तिथे न धुतलेले जुने अंथरूण, खोके, पाणी आणि मातीचा ट्रे असावा. ते खाऊ-फिरू लागले की बाकीच्या खोल्या उघडाव्यात. बाहेर जाणाऱ्या मांजराला किमान दोन-तीन आठवडे घरातच ठेवावे. मुंबई-पुण्याच्या इमारतींत याला आणखी एका कामाची जोड लागते: मांजर येण्याआधीच खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी बसवणे.