सांदणांचे माप
कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहूनही आमच्या घरी ज्येष्ठात सांदणे होतात. बरक्या फणसाचा रस, तांदळाचा रवा, गूळ आणि वाफ, एवढाच त्यांचा संसार. ही रीत आजीबरोबर कोकणातून घाट चढून आली. तिला लेखी आधार नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील 'मानसोल्लासा'त 'इड्डरिका' आढळते, परंतु ती उडदाची. तांदूळ तीत नाही. राजाच्या पाकशाळेला ग्रंथ लाभला, कोकणातल्या चुलीला लाभला नाही. त्यामुळे केवळ ग्रंथ धुंडाळून वाफवलेल्या तांदळाचा इतिहास लिहिल्यास तो अर्धाच राहील, असे आम्हांला वाटते. आजीने माप कधी सांगितले नाही. 'हाताला कळतं', एवढेच ती म्हणे. आता आम्ही ते वाटीने मोजून वहीत उतरवले आहे. तरीही पहिला घाणा बिघडतोच.