चाहत्यांनी लिहिलेले चरित्र

शहापूरच्या बाजारात किंवा मुरबाडच्या एस.टी. स्थानकावर राहुल देव बर्मन ऊर्फ पंचम यांचे गाणे कानी पडले नाही, असा माणूस विरळा. पण त्या गाण्यात ठेका कोणी धरला, हे आपणांपैकी कितीजण सांगतील?

राजांची दप्तरे असतात. वादकाचे दप्तर कोठले? तबकडीवर गायकाचे व संगीतकाराचे नाव असे, वादकांचे सहसा नसे. पंचम ४ जानेवारी १९९४ रोजी वारले, तेव्हा त्यांचा इतिहास साथीदारांच्या आठवणींतच होता, आणि साथीदार म्हातारे होत चालले होते. अनिरुद्ध भट्टाचार्जी व बालाजी विट्टल हे दोघे चाहते त्यांच्याकडे गेले, आणि २०११ साली त्यांचा इंग्रजी चरित्रग्रंथ निघाला. त्यास राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. पुण्याच्या पंचमप्रेमींनी जुने वादक व्यासपीठावर आणून बोलते केले. ‘पडोसन’मधील (१९६८) खिडकीच्या गाण्यातला खरखराट कंगव्याचा आहे, ही गोष्ट कोणत्या सरकारी कागदात सापडणार होती? मारुतीराव कीरांसारख्या तालवादकाचा वाटाही अशाच मार्गाने कळतो.

भक्त एकांगी लिहितो, हा आक्षेप खरा आहे. महिपतीही भक्तच होता. तरी संतचरित्रांसाठी आपण त्याच्याकडेच वळतो. येथे तर आठवण पडताळण्यास ध्वनिमुद्रण हाताशी असते.

आपल्या वाड्या-पाड्यांतील वादकांचे तेवढेही नाही. पौषात म्हशाच्या जत्रेस जाल, तेव्हा एखाद्या सनईवाल्यास त्याच्या गुरूचे नाव विचारावे, आणि ते लिहून घ्यावे.