भांड्यावरचे नाव

मागल्या दिवाळीत माझ्या भाचीने स्वतः रचलेला संगणकावरचा एक खेळ मला दाखविला. खेळ तो केवढा! एक गाव, एक विहीर आणि हरवलेली शेळी शोधीत हिंडणारा पोरगा. चित्रे मात्र मोठी देखणी. "ही तू काढलीस?" मी विचारले. "छे हो मामा!" म्हणत तिने खेळाच्या शेवटची नामावळी पुढे केली. शेळी सापडायला लागला त्याहून अधिक वेळ मला ती वाचायला लागला. इतक्या अनोळखी माणसांनी हिला फुकट झाडे का द्यावीत, हे कोडे मनातून जाईना. त्यापायी हा इतिहास धुंडाळला.

घरी बसून एकट्याने खेळ रचणाऱ्याची अडचण जुनीच आहे. आज्ञावली लिहिता येते त्याला चित्र येत नाही, आणि चित्र येते त्याला चाल सुचत नाही. दुसऱ्याचे उचलावे तर कायदा आडवा. चित्र काढले की हक्क चित्रकाराचा. तो तोंडाने "घ्या" म्हणाला, तरी बदलावे का, विकावे का, हे कोण सांगणार? २००२ साली क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने तयार परवाने काढले आणि दात्याला आपल्या अटी लिहून देण्याची सोय झाली. केव्हिन मॅक्लाउड या अमेरिकन संगीतकाराने तर 'माझे नाव द्या आणि खुशाल वाजवा' एवढ्याच अटीवर आपल्या ढीगभर रचना खुल्या केल्या. २००९ साली खेळांच्या चित्रांसाठी ओपन गेम आर्ट हे भांडार निघाले.

परंतु दान मिळाले तरी ते एकमेकांशी जुळावे लागते. एकाचे झाड बाजूने पाहिलेले, दुसऱ्याचे घर वरून. एकाची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. असले गाव डोळ्यांना खुपते. २०१२ साली या भांडाराने क्रिएटिव्ह कॉमन्स व फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन यांच्या जोडीने 'लिबरेटेड पिक्सेल कप' ही स्पर्धा भरविली, ती यासाठीच. आधी नमुन्याची चित्रे काढून घेतली आणि नियम ठरविले: जमिनीचा तुकडा ३२ ठिपके लांब, ३२ ठिपके रुंद, पाहण्याचा कोन एक, उजेडाची रीत एक. मग जूनमध्ये चित्रे, आणि जुलैमध्ये त्या चित्रांवर खेळ. मला या साऱ्यात त्या नियमावलीचेच अधिक कौतुक वाटते. अनोळखी माणसांनी उजेड कोठून यावा यावर एकमत करणे ही काय लहान गोष्ट आहे?

स्पर्धा संपली, पण नमुन्याच्या त्या माणसाला कोणी दाढी दिली, कोणी चिलखत, कोणी लुगडे. अट अशी की पहिल्यांची नावे राखायची आणि आपली भरही त्याच अटींवर सोडायची. म्हणून एकेका आकृतीमागे नावांची रांग लागते. काही जण कंटाळून ती गाळतात. मला हा कोतेपणा वाटतो. आमच्याकडे कार्याला शेजारची पातेली येत. प्रत्येकावर नाव घातलेले असे. पातेले फुकट मिळे, म्हणून नाव कोणी घासून काढीत नसे.

भाचीला त्या गावात तुळशीवृंदावन हवे होते. ते तिने स्वतःच काढले आणि भांडारात ठेवून दिले. ठेवण्यापूर्वी सावली मात्र दोनदा तपासली.