बटण दाबलं तरी तार जिवंत

महावितरणची लाइन गेली की सोलरचा इन्व्हर्टरही आपोआप थांबतो, आणि घरच्यांना वाटतं, चला, सगळं बंद झालं. बंद होतो तो फक्त इन्व्हर्टर. त्याच्यापासून गच्चीवर जाणाऱ्या डीसी तारा ऊन असेपर्यंत जिवंतच असतात. एका पॅनेलचे 40 ते 50 व्होल्ट धरले, तरी आठ-दहा पॅनेल एका माळेत जोडले की आकडा 400 च्या घरात जातो. त्यातून ही डीसी वीज. आपली घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी एकदा धरली की जळत राहते.

अमेरिकेतल्या अग्निशामकांना ही गोष्ट फार जाचली. तिथली बरीचशी घरं लाकडी. आग लागली की जवान छपरावर चढतात आणि करवतीने भोक पाडून धूर बाहेर काढतात. वर चढण्याआधी घराची वीज तोडायची, ही जुनी शिस्त. सोलर आल्यावर वीज तोडूनही करवतीखाली जिवंत तार येऊ शकत होती. 2011 साली अंडररायटर्स लॅबोरेटरीज (यूएल) या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेने यावर प्रत्यक्ष प्रयोग केले. पॅनेलवर फेस मारून भागत नाही, प्रत्येक ताडपत्री पुरेशी ठरत नाही, आणि रात्री बंबाच्या दिव्यांच्या उजेडातही धोकादायक वीज तयार होऊ शकते, असं त्यांत दिसलं. सूर्य मावळला म्हणून निर्धास्त राहायचीही सोय उरली नाही.

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये सोलरचं प्रकरण, कलम 690, 1984 पासून होतं. त्यात ‘रॅपिड शटडाउन’ आलं ते 2014 च्या आवृत्तीत, 690.12 म्हणून. पॅनेलांपासून दहा फुटांपलीकडच्या तारा दहा सेकंदांत 30 व्होल्टच्या आत आल्या पाहिजेत, एवढीच तेव्हाची अट. ती आवृत्ती नुकतीच तयार झाली होती, तेवढ्यात 1 सप्टेंबर 2013 रोजी न्यू जर्सीतल्या डेलँको इथे एका मोठ्या गोदामाला आग लागली. छपरावर सात हजारांहून जास्त पॅनेल होते, आणि विजेच्या भीतीने जवानांना वर जाता येईना.

दहा फुटांच्या नियमाने पॅनेलांच्या खालची जागा मोकळीच सोडली होती, आणि जवान चढतो तो नेमका तिथे. 2017 च्या आवृत्तीने ही हद्द एका फुटावर आणली. हद्दीच्या आतही 30 सेकंदांत 80 व्होल्टच्या खाली यायचं, ही अट 1 जानेवारी 2019 पासून लागू झाली. चारशे व्होल्टची माळ ऐंशीच्या आत आणायची, तर ती प्रत्येक पॅनेलपाशी तोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मायक्रोइन्व्हर्टर वापरणाऱ्यांना फारसं काही करावं लागलं नाही. तिथे पॅनेलखालीच एसी होते. बाकीच्यांसाठी प्रत्येक पॅनेलमागे एक छोटी डबी आली.

या डबीमागची कल्पना मला फार मोलाची वाटते. तिला ‘बंद हो’ असा हुकूम कुणी देत नाही. इन्व्हर्टरजवळचा ट्रान्समीटर त्याच डीसी तारांवरून ‘चालू राहा’ असा संकेत सतत पाठवत असतो, आणि तो थांबला की डबी आपणहून पॅनेल तोडते. रेल्वेची साखळी ओढली की नळीतली हवा सुटून ब्रेक लागतो, तीच ही रीत. आगीत तार जळाली किंवा ट्रान्समीटर मेला, तरी संकेत तुटतो आणि पॅनेल सुटे होतात. 2017 मध्ये सनस्पेक अलायन्स या उद्योगसंघटनेने या संकेताची सामायिक भाषा ठरवली. त्यामुळे एका कंपनीची डबी दुसरीच्या इन्व्हर्टरशी बोलू शकते.

वायरिंग करताना कस लागतो तो इथेच. तारेवर संकेत चढवणाऱ्या ट्रान्समीटरच्या कड्यातून माळेची एकच तार न्यायची, एकतर पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. दोन्ही ओवल्या की संकेत एकमेकांना खोडतात. ट्रान्समीटरचा सप्लाय इन्व्हर्टरच्याच एसी ब्रेकरवरून घ्यायचा, म्हणजे तो पाडला की दोन्ही एकदम जातात. काही डब्या बंद असतानाही 0.6 व्होल्ट देतात. दहा पॅनेलांच्या माळेवर मल्टिमीटरने सहाच्या आसपास व्होल्ट दाखवले तर जोडणी बरोबर. आकडा कमी भरला, तर कुठलातरी कनेक्टर नीट बसलेला नाही.

डब्यांमुळे कनेक्टर वाढतात, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक सांधा हा बिघाडाची एक जागा असतो. ऑस्ट्रेलियाने छपरावर डीसी आयसोलेटर, म्हणजे डीसी तार तोडणारे स्विच, सक्तीचे केले होते. त्यांत पाणी शिरून आगी लागल्या, आणि 2021 च्या सुधारित मानकात ती सक्ती मागे घ्यावी लागली. अमेरिकेतही पुढे यूएल 3741 हे मानक आलं. जवानाच्या हाताला तार लागणारच नाही अशी पूर्ण रचना तपासून घेतली, तर प्रत्येक पॅनेलखाली डबी लागेलच असं नाही. तरीही घराच्या छपरासाठी मी डबीच्याच बाजूने आहे. मात्र कनेक्टर एकाच बनावटीचे हवेत आणि क्रिम्पिंग योग्य अवजाराने केलेलं हवं.

पीएम सूर्यघर योजनेतून आपल्याकडे गच्चीगच्चीवर पॅनेल चढताहेत. कोटेशन घेताना डीसीडीबी (डीसी बाजूची वितरण पेटी), अर्थिंग आणि सबसिडीबद्दल आपण विचारतोच. त्याच वेळी हेही विचारावं: खालचा ब्रेकर पाडल्यावर गच्चीवरच्या तारेत किती व्होल्ट उरतात, आणि ते मीटर लावून दाखवाल का?